शोध कुठे थांबतो, ते लिहून ठेवा

सरकारी कार्यालये, विद्यापीठे, बँका यांच्या दारात आता एआय एजंट उभे राहू लागले आहेत. नागरिक मराठीत प्रश्न विचारतो, एजंट कागदपत्रांच्या ढिगात शोधतो आणि उत्तर देतो. याबद्दल जी चर्चा होते ती बहुतेक, ज्याच्या जोरावर एजंट बोलतो त्या भाषा-मॉडेलभोवती फिरते. मॉडेल कोणत्या देशातले, त्याला मराठी किती येते, आपली माहिती बाहेर जाते का, वगैरे. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण या व्यवस्थेत आणखी एक छोटा मजकूर असतो. बहुधा तो एखाद्या प्रोग्रॅमरने घाईघाईत, इंग्रजीत लिहिलेला असतो. तो कोणी तपासत नाही आणि तो कुठे प्रसिद्धही होत नाही. तरीही नागरिकाच्या कानावर ‘आहे’ पडणार की ‘नाही’, हे कितीतरी वेळा त्या मजकुरावर ठरते. हा मजकूर म्हणजे शोधाच्या टूलचे डॉक्युमेंटेशन: एजंट ज्या प्रोग्रॅमकरवी कागद शोधतो, त्याची माहिती आणि वापरण्याच्या सूचना. सार्वजनिक संस्था जे शोध-टूल एजंटच्या हाती देते, त्याचे डॉक्युमेंटेशन हा सार्वजनिक दस्तऐवज मानला गेला पाहिजे. तो मराठीत प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि या टूलला काय सापडत नाही, हे त्यात सर्वांत आधी लिहिलेले असले पाहिजे.

एजंटचे काम कसे चालते ते आधी पाहू. भाषा-मॉडेल स्वतः कोणतीही फाईल उघडत नाही. त्याला काही टूल दिलेली असतात आणि प्रत्येक टूलबद्दल तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला काय-काय पुरवायचे याची यादी. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या, मॉडेलला टूल जोडण्याच्या पद्धतीत हीच रचना आहे आणि इतर पद्धतीही फारशा वेगळ्या नाहीत. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. अनुक्रमणिका कशी बांधली, कोणत्या तारखेपर्यंतचे कागद घेतले, कोणते वगळले, हेही दिसत नाही. त्याला दिसते ते वर्णन आणि टूलने परत पाठवलेला निकाल, एवढेच. माणूस निदान साशंक होऊ शकतो, शेजारच्याला विचारू शकतो, फोन करू शकतो. एजंटकडे शंका घ्यायला आधार हवा असतो, आणि तो आधार वर्णनातच लिहिलेला नसेल तर दुसरीकडून यायचा कुठून?

आता वर्णनात बहुधा काय लिहिलेले असते ते पाहा: ‘दस्तऐवज शोधते. इनपुट: शोधशब्द.’ संपले.

हे वाचून एजंट काय करतो? माणसांची वाक्ये वाचून तो घडलेला असल्याने पुष्कळदा सबंध प्रश्नच टूलकडे पाठवतो: ‘दुष्काळी भागातील शेतकऱ्यांना पीक विमा कसा मिळतो’. आता एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस-५ या बहुप्रचलित शोध-सुविधेत शब्द शेजारी-शेजारी लिहिले की ‘हे सगळे शब्द एकाच कागदात हवेत’ असा अर्थ होतो. ‘कसा’ आणि ‘मिळतो’ हे शब्द शासन निर्णयात कशाला येतील? निकाल शून्य. तोच प्रश्न इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या शोध-प्रणालीच्या नेहमीच्या पद्धतीने विचारला तर ‘यांपैकी कोणताही शब्द चालेल’ असा अर्थ घेतला जातो आणि ‘भागातील’ हा शब्द असलेले ढीगभर कागद समोर येतात. दोन्ही टूल आपापल्या जागी योग्यच वागतात. आपण कोणत्या टूलशी बोलत आहोत हे एजंटला कोणी सांगितलेले नसते, म्हणून घोटाळा होतो. त्यासाठी एक वाक्य पुरले असते.

मराठीत हा प्रश्न इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड होतो, आणि तिथे थोडे थांबायला हवे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याला हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, छापले तरी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. एका विभागाचे लिपिक एका कीबोर्डवर टाइप करतात, दुसऱ्या विभागाचे दुसऱ्या. टूलने हे दोन प्रकार एकरूप करून घेतले नसतील, तर शेतकऱ्यांसाठी काढलेल्या निर्णयांपैकी काही निर्णय शेतकऱ्यांच्या नावाने शोधूनही मिळणार नाहीत. तेच आकड्यांचे. ‘२०१५’ शोधल्यावर इंग्रजी आकड्यांत लिहिलेले तेच वर्ष सापडेल, असे गृहीत धरता येत नाही.

मग विभक्तीची रूपे. मराठी नाम प्रत्यय लागण्याआधीच आतून बदलते. ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीत’, ‘विहिरींचे’, ‘विहिरीसाठी’ जुळत नाहीत, कारण दुसऱ्या अक्षराची वेलांटीच बदलली. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याच्या टंचाईबाबत’ असे शीर्षक असलेला कागद मिळत नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी शब्दरूपे हाताळणारी तयार सोय आहे, मराठीसाठी नाही. त्यामुळे मराठी कागदपत्रांवर टूल बांधणारा एकतर हिंदीची सोय जशीच्या तशी लावतो किंवा काहीच लावत नाही. कोणता मार्ग निवडला, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेले असेल तर एजंटला वाट काढता येते. शब्दाचा न बदलणारा भाग घेऊन तो ‘विह*’ (तारा म्हणजे पुढे काहीही चालेल) असा शोध घेऊ शकतो किंवा चार रूपे ओळीने शोधून पाहू शकतो. मॉडेलला मराठीची रूपे चांगली येतात. ती वापरायची गरज आहे, हे मात्र त्याला कळवावे लागते.

याहून चमत्कारिक प्रकारही आहेत. पायथन भाषेत शब्द वेगळे काढण्याची जी सर्वांत सोपी युक्ती आहे, आणि पुष्कळजण बांधकामाच्या पहिल्याच दिवशी तीच वापरतात, ती देवनागरीतल्या काना-मात्रा-वेलांट्यांना शब्दाचा भाग मानत नाही. तिच्या हातून ‘पाणी’ या शब्दाचे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात. ‘पुणे’ या शब्दाचेही ‘प’ आणि ‘ण’. ‘शाळा’ आणि ‘शेळी’ दोन्हींचे ‘श’ आणि ‘ळ’. एफटीएस-५ मूळ मांडणीतच वापरले, काहीही न बदलता, तर तिथेही मात्रांची हीच गत होते. म्हणजे शाळांच्या दुरुस्तीसाठी निधी शोधणाऱ्याला शेळी गट वाटपाचा निर्णय मिळू शकतो, आणि टूलच्या दृष्टीने तो अगदी नेमका जुळलेला असतो. कोणीही आपल्या संगणकावर दहा मिनिटांत हे करून पाहावे. एक-दोन ओळींची मांडणी बदलली की दोष जातो. पण बदलली आहे की नाही, हे बाहेरून कळायला डॉक्युमेंटेशनखेरीज मार्ग नाही.

आणि सातबारा! महाराष्ट्रात जमिनीचा विषय निघाला की ‘७/१२’ आलाच. एफटीएस-५ ला ही तिरपी रेघ तशीच दिली तर ते शोधच घेत नाही, वाक्यरचनेची चूक झाल्याचे कळवते. आता एजंट आणि एफटीएस-५ यांच्या मधल्या प्रोग्रॅममध्ये कोणी ‘चूक आली तर रिकामी यादी परत पाठवा’ असे लिहून ठेवले असेल, तर एजंटच्या हातात काय पडते? रिकामी यादी. आणि नागरिकाला तो नम्रपणे सांगतो की सातबाऱ्याबाबत कोणताही दस्तऐवज उपलब्ध नाही. इथे कोणी खोटे बोललेले नाही आणि तरी उत्तर धादांत खोटे आहे. शोध झालाच नाही, शोध झाला पण जुळले नाही, आणि शोध झाला व संग्रहात खरोखरच नाही, या तीन वेगळ्या स्थिती आहेत. चांगले टूल त्या वेगवेगळ्या कळवते आणि चांगले डॉक्युमेंटेशन त्या कशा ओळखायच्या ते सांगते.

जुन्या अभिलेख कक्षात काम केलेला कारकून हे न शिकवता करीत असे. त्याला नोंद मिळाली नाही तर तो म्हणे, ‘काका, त्या सालची दोन गाठोडी ओल लागून गेली, तहसीलला दुसरी प्रत असेल, तिथे बघा.’ हे ‘नाही’ उपयोगाचे होते, कारण त्यात शोधाची हद्द सांगितलेली होती आणि पुढचा रस्ताही. कारकुनाच्या डोक्यात जे होते ते कागदावर कधीच आले नव्हते, आणि तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर गेले. एजंटसाठी डॉक्युमेंटेशन लिहिण्याच्या निमित्ताने ते ज्ञान कागदावर आणण्याची संधी आली आहे. ती ‘दस्तऐवज शोधते’ एवढ्यावर घालवू नये.

न सापडण्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढे हे काम राज्यभर नेले गेले. कागद मोडीत होते, उर्दूत होते. ते वाचणारी माणसे बसवावी लागली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काय, हा इथला विषय नाही. पण एका कुटुंबाच्या दाखल्याचा प्रश्न आहे तिथे ‘नोंद आढळली नाही’ या तीन शब्दांवर मुलाचा प्रवेश अडू शकतो. कोणती नोंदवही पाहिली, कोणत्या सालापर्यंतची, कोणती लिपी वाचली, नावाची कोणती रूपे धरली, हे त्या वाक्यासोबत आले नाही तर त्याला उत्तर म्हणता येत नाही. उद्या असल्या नोंदींचे स्कॅन एजंटच्या हाती दिले जातील, तेव्हा हाच प्रश्न दसपट वेगाने उभा राहील. मोडीतला कागद नुसता स्कॅन करून ठेवला म्हणजे तो शोधता येतो असे नाही. शब्दशोधाला तो कागद नसल्यासारखाच असतो.

शासन निर्णयांचे उदाहरण रोजच्या व्यवहारातले आहे. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे आणि त्याचा संकेतांक काय ते लिहिलेले असते. ही शिस्त फार चांगली आहे. पण पीडीएफमधून मराठी मजकूर बाहेर काढताना अक्षरे उलटसुलट होतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. जुने कागद युनिकोड ही सर्वमान्य अक्षर-पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमधले असतील तर त्यांतून निघणारा मजकूर वाचण्याजोगाही नसतो. अशा किती कागदांचा मजकूर नीट निघाला आणि किती कागद केवळ चित्र म्हणून पडून आहेत, हा आकडा डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या परिच्छेदात हवा.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. शब्दशोधाचे निकाल ज्या क्रमाने येतात तो क्रम शब्दांच्या हिशोबाने लागतो. संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली कल्पना अशी की, जो शब्द फार थोड्या कागदांत येतो त्याला जास्त वजन द्यावे. ‘शासन’, ‘निर्णय’, ‘विभाग’ हे शब्द प्रत्येक निर्णयात असल्याने त्यांना वजन जवळजवळ शून्य, आणि ‘शेततळे’ला भरपूर. त्यावरच पुढे लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी बीएम-२५ हे सूत्र बसवले, आणि आजही बहुतेक शब्दशोध त्याच सूत्रावर चालतात. सूत्र भक्कम आहे. पण त्याला तारीख कळत नाही. एखादा निर्णय नंतर अधिक्रमित झाला, म्हणजे नव्या निर्णयाने त्याची जागा घेतली, त्याचे शुद्धिपत्रक निघाले, अनुदानाची रक्कम बदलली, तरी जुन्या निर्णयात तो शब्द जास्त वेळा आला असेल तर जुनाच निर्णय वर येतो. एजंट वरचे पाच निकाल वाचतो आणि नागरिकाला रद्द झालेली रक्कम सांगतो. यावर उपाय डॉक्युमेंटेशनमध्येच आहे: ‘निकालांचा क्रम म्हणजे निर्णय लागू असल्याची खूण नाही. मिळालेल्या निर्णयाचा क्रमांक व दिनांक घेऊन पुन्हा शोधा आणि नंतरच्या एखाद्या निर्णयात त्याचा संदर्भ देऊन तो अधिक्रमित केला आहे का ते पाहा.’ मंत्रालयात काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. एजंटला सांगावेच लागते.

इथे काहीजण म्हणतील की शब्दशोधाचे दिवस सरले. आता अर्थावरून शोधणारी तंत्रे आली आहेत, त्यांना ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ यांतला फरक आडवा येत नाही. ही तंत्रे उपयोगी आहेत, ती जोडीला जरूर असावीत. पण संकेतांक, गट क्रमांक, आडनाव, कलम आणि पोटकलम या गोष्टी अर्थावरून शोधायच्या नसतात, तिथे अक्षर न् अक्षर जुळावे लागते. गट क्रमांक २१४ ऐवजी त्याच्यासारखा २४१ मिळून चालत नाही. शिवाय शब्दशोधाचा निकाल तपासता येतो: हा शब्द होता म्हणून हा कागद आला. अर्थावरच्या शोधात ‘हाच कागद का’ याचे उत्तर आकड्यांच्या रांगेत दडलेले असते. लोकांना उत्तरदायी असलेल्या संस्थेने तपासता येणारे साधन हातचे सोडू नये.

दुसरा आक्षेप असा की, मॉडेल हुशार होत चालली आहेत, ती आपोआप चार रूपे वापरून पाहतील. काही पाहतातही. पण शून्य निकाल आल्यावर आणखी शोधायचे की थांबायचे, हा निर्णय मॉडेल कशावरून घेणार? टूलने सांगितले असेल की ‘रूपे जुळत नाहीत, शून्य निकालावरून अभाव मानू नये’, तर ते शोधत राहते. नुसते ‘दस्तऐवज शोधते’ असेल, तर शून्य म्हणजे नाही, असे मानणे त्याच्या बाजूने तर्कशुद्धच आहे. त्यात मॉडेलला दोष देण्यात अर्थ नाही. वर्णन सुरुवातीलाच असते आणि लांबलेल्या कामात ते मागे पडू शकते, हेही खरे. म्हणून रिकाम्या निकालासोबत तीच मर्यादा दोन ओळींत पुन्हा पाठवावी: कोणत्या संग्रहात शोधले, कुठल्या तारखेपर्यंतच्या, किती कागद चित्ररूप असल्याने पाहिलेच गेले नाहीत.

मला योग्य वाटणारे वर्णन साधारण असे असेल. ‘हे टूल जलसंधारण विभागाच्या मराठी शासन निर्णयांत शब्दशः शोध घेते. संग्रह अमुक दिनांकापर्यंतचा आहे. त्यापूर्वीच्या स्कॅन केलेल्या निर्णयांपैकी ज्यांचा मजकूर निघालेला नाही ते शोधात येत नाहीत, त्यांची यादी वेगळ्या टूलने मिळते. दिलेले सर्व शब्द एकाच निर्णयात असावे लागतात, म्हणून दोन किंवा तीन नेमके शब्द द्या, पूर्ण प्रश्न देऊ नका. विभक्तीची रूपे आपोआप जुळत नाहीत. शब्दाचा स्थिर भाग देऊन पुढे तारा-चिन्ह लावा. देवनागरी व इंग्रजी आकडे एकच धरले जातात. एका वेळी दहा निकाल येतात, एकूण किती जुळले ते आकड्यात कळवले जाते. निकाल शून्य असेल तर किमान दोन पर्यायी शब्दांनी पुन्हा शोधा आणि तरीही न मिळाल्यास “या संग्रहात आढळले नाही” असे सांगा. “असा निर्णय नाही” असे सांगू नका.’ यात कुठलेही गुपित नाही. लिहायला एक दुपार पुरते. हे लिहिता येत नसेल, तर टूल बांधणाऱ्यालाच आपला संग्रह माहीत नाही असे समजावे.

हा मजकूर एजंटसाठी लिहायचा असला तरी माणसानेही तो वाचावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(क) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका अशा रीतीने ठेवायची आहे की माहिती मिळवणे सुकर होईल. कलम ४(४) सांगते की माहिती प्रसारित करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा. नागरिक आणि अभिलेख यांच्यामध्ये एजंट आला, म्हणजे त्याच्या हातातले शोध-टूल हीच त्या कार्यालयाची अनुक्रमणिका झाली. मग तिचे नियम कलम ४ खाली स्वतःहून प्रसिद्ध का करू नयेत? त्यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले आहे. अशा योजनांखाली जी-जी कंत्राटे निघतील त्यांत, टूलचे डॉक्युमेंटेशन मराठीत द्यावे आणि ते कार्यालयाच्या मालकीचे राहावे, ही अट घालणे पूर्णपणे शासनाच्या हातात आहे. कंपनी म्हणेल, हे आमचे व्यापारी गुपित. सूत्र गुपित असू शकेल. जनतेच्या कागदांपैकी कोणते कागद शोधात येत नाहीत, हे कोणाचेही गुपित असू शकत नाही.

ज्या उत्तराने नागरिकाला नकार जातो, त्याच्याखाली शोधलेले शब्द, संग्रहाचे नाव आणि संग्रह अद्ययावत केल्याचा दिनांक छापलेला असावा. तो कागद घेऊन नागरिक प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे गेला, तर ‘तुम्ही फक्त एवढेच रूप शोधले, दुसरे शोधलेच नाही’ असे दाखवून देता येईल. आज एजंटच्या नकाराविरुद्ध असे काहीच हातात नसते. आणि डॉक्युमेंटेशनच्या तळाशी, जसे माहिती फलकावर जनमाहिती अधिकाऱ्याचे पदनाम असते तसे, हा मजकूर बरोबर असल्याची जबाबदारी कोणत्या पदावर आहे आणि तो शेवटचा कधी तपासला, हे लिहिलेले असावे. संग्रहात नवे कागद भरले, मांडणी बदलली, टूल बदलले, की त्या पदावरच्या माणसाने तो पुन्हा तपासायचा. हे काम आयटी विभागावर ढकलून भागणार नाही. कोणती गाठोडी ओल लागून गेली, हे अभिलेख कक्षालाच माहीत असते. मजकूर तिथल्या माणसाने प्रोग्रॅमरशेजारी बसून लिहायचा आहे.